बनियनच्या कापडाचा झगा

भोकरदनच्या बाजारपेठेत कापडाच्या दुकानात घटकाभर बसलं, की एक प्रसंग हमखास पाहायला मिळतो. आई आणि मुलगी ड्रेसचं कापड घ्यायला आलेल्या असतात. आईचा हात जातो खणखणीत सुती कापडाकडे. मुलीचा हात मात्र त्याच्या शेजारच्या गठ्ठ्यावर रेंगाळतो. ते कापड मऊ असतं, अंगावर पडलं की पाण्यासारखं उतरतं आणि ओढलं तर रबरासारखं ताणलं जातं. दुकानदार सांगतो, हे होजिअरीचं. झालं! आईच्या कपाळावर आठी. बनियनच्या कापडाचा का कुठं ड्रेस शिवतात?

मुलीनं हट्ट धरून ते घेतलंच, तर पुढची पायरी शिंप्याची. तो कापड दोन बोटांत चोळून पाहतो आणि मान हलवतो. मशीनखाली ते सरकतं, टाके सुटतात, कापलेल्या कडा सुरळीसारख्या गुंडाळतात आणि दोन धुण्यांत घेर गुडघ्याखाली लोंबू लागतो, ही त्याची तक्रार. त्यात खोटं काही नसतं. गंमत अशी, की साधारण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पॅरिसमधल्या शिंप्यांचीही नेमकी हीच तक्रार होती आणि तिथल्या आयांच्या कपाळावरही हीच आठी होती. ती आठी पुसली एका अनाथाश्रमात वाढलेल्या बाईनं. तिचं नाव गॅब्रिएल शनेल. जग तिला कोको शनेल म्हणून ओळखतं. अत्तराच्या बाटलीवरचं तिचं नाव आपल्याकडेही पोचलं, पण तिच्या आयुष्याला वळण दिलं ते या आतल्या कपड्यांच्या कापडानं.

गॅब्रिएलचा जन्म 19 ऑगस्ट 1883 चा, फ्रान्समधल्या सोम्यूर गावचा. गोरगरिबांसाठी जोगिणी चालवत असलेल्या रुग्णालयात ती जन्मली. बाप गावोगावच्या जत्रांतून किरकोळ माल विकणारा फिरता विक्रेता. आई कपडे धुण्याची कामं करणारी. घर म्हणावं असं काही नव्हतंच. 1895 साली आई गेली तेव्हा गॅब्रिएल अकरा वर्षांची होती. बापानं मुलींना ओबाझीनच्या मठातल्या अनाथाश्रमात पोचवलं आणि तो निघून गेला, तो पुन्हा आला नाही. पुढे मोठेपणी ही बाई आपल्या लहानपणाबद्दल इतक्या निरनिराळ्या कहाण्या सांगत राहिली, की चरित्रकारांची पुरती दमछाक झाली. कधी मावश्या, कधी अमेरिकेला गेलेला बाप. अनाथाश्रमाचं नाव मात्र तिनं आयुष्यभर तोंडातून काढलं नाही.

पण सुई तिच्या हातात आली ती तिथेच. अठराव्या वर्षी ती मूलां नावाच्या गावी दुसऱ्या एका मठशाळेत गेली. तिथे फी भरणाऱ्या मुली वेगळ्या आणि धर्मादाय मुली वेगळ्या, आणि हा फरक कपड्यांवरून लांबूनही ओळखू येत असे. कपडा माणसाची पायरी कशी सांगतो, हे तिला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. मग कापडाच्या दुकानात नोकरी, सुटीच्या दिवशी शिंप्याकडे छावणीतल्या सैनिकांच्या विजारी दुरुस्त करण्याचं काम आणि संध्याकाळी त्याच सैनिकांपुढे गाणं. कोको हे नाव तिला त्या गाण्यांनी दिलं. आवाज बेताचाच होता, तेव्हा गाण्यानं पोट भरणार नाही, हे तिच्या वेळीच लक्षात आलं.

एत्येन बाल्सां या श्रीमंत घोडेशौकिनाच्या आश्रयानं ती त्याच्या वाड्यावर राहिली. तिथे आलेल्या बायका कशा असत? कंबर आवळणारा कॉर्सेट, त्यावर थरावर थर, डोक्यावर पिसांची आणि फळाफुलांची परडी. त्या कपड्यांत चालणं कठीण, मग घोड्यावर बसणं तर दूरच. गॅब्रिएलनं काय केलं, तर घोड्यांची निगा राखणाऱ्या पोराची विजार नमुना म्हणून शिंप्याकडे नेली आणि तशीच आपल्या मापाची शिवून घेतली. पाहणाऱ्यांना ती विचित्र वाटली असेल. तिला मात्र घोड्यावर मांड ठोकून बसता आलं.

पुढे तिच्या आयुष्यात आर्थर केपल हा इंग्रज आला. त्याच्या पैशावर 1910 साली पॅरिसच्या रू कांबाँ या रस्त्यावर 21 नंबरच्या इमारतीत तिनं टोप्यांचं दुकान थाटलं. असं सांगतात, की त्याच इमारतीत आधीपासून एक कपडे शिवणारी बाई होती, म्हणून शनेलला तिथे झगे शिवून विकायला मज्जाव होता. पण जर्सीचे कपडे त्या मनाईत मोडत नव्हते, कारण जर्सीचा झगा असू शकतो, हेच कुणाला मान्य नव्हतं! ही कथा कितपत तंतोतंत आहे कोण जाणे. पण त्या काळात या कापडाची पत काय होती, ते तिच्यातून नेमकं कळतं.

आता ही जर्सी म्हणजे काय, ते थोडं सविस्तर पाहू, कारण सगळी मेख तिथेच आहे.

आपल्या मराठीत हातमागावर लुगडं तयार होतं तेही विणकाम आणि आजी दोन सुयांवर स्वेटर करते तेही विणकामच. शब्द एकच, पण कामं अगदी निराळी. मागावर उभा ताणा आणि आडवा बाणा असतो. दोन धागे एकमेकांना काटकोनात अडवून धरतात, म्हणून ते कापड सरळ ओढलं तर फारसं हलत नाही. ते ताणायचंच असेल तर उरेब, म्हणजे तिरपं धरावं लागतं. आजीच्या सुयांवर मात्र एकच धागा स्वतःतच अडकत जातो. टाक्यातून टाका, साखळीतून साखळी. प्रत्येक टाका म्हणजे एक लहानसं वेटोळं आणि ओढलं की वेटोळं लांबतं. ज्यांनी स्वेटर विणला आहे त्यांना सांगायला नको. एक ओळ सुलट, एक उलट असं विणत गेलं, की जे साधं अंग तयार होतं, ज्याच्या पुढच्या बाजूला उभ्या साखळ्या आणि मागच्या बाजूला आडव्या लाटा दिसतात, तीच जर्सी. फक्त ती यंत्रावर, अतिशय बारीक धाग्यानं विणलेली. मोजे विणायचं पहिलं यंत्र विल्यम ली या इंग्रज धर्मगुरूनं 1589 साली केलं. तिथपासून तीनशे वर्षं हे कापड बहुतेक मोजे, बनियन आणि कोळ्यांचे सदरे यांतच राहिलं. जर्सी हे नावसुद्धा इंग्लिश खाडीतल्या त्या नावाच्या बेटावरून आलेलं.

हे कापड कुणा बाईनं त्याआधी कधी बाहेर घातलंच नव्हतं, असं मात्र नाही. त्याच बेटावर जन्मलेल्या लिली लँगट्री या नटीमुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अंगाला घट्ट बसणाऱ्या जर्सीच्या पोशाखाची काही काळ टूम आली होती. पण तो पोशाख कॉर्सेटवरच ताणून बसवलेला असे. कापड सैल, अंग आवळलेलं! शनेलनं ते उलट केलं.

1913 साली तिनं दोव्हील या समुद्रकाठच्या गावी दुसरं दुकान काढलं. केपलचा एक जर्सीचा सदरा तिनं थंडीसाठी घेतला, डोक्यातून घालायचा कंटाळा म्हणून पुढून उभा कापला, कडांना फीत लावली, कॉलर शिवली आणि घातला, ही गोष्ट ती पुढे रंगवून सांगत असे. इतर कहाण्यांसारखीच तीही थोडी मीठमसाला लावलेली असेल. 1914 च्या ऑगस्टमध्ये पहिलं महायुद्ध पेटलं आणि पॅरिसमधल्या धनिक स्त्रिया जीव मुठीत धरून दोव्हीलला आल्या. घोडे सैन्यानं नेले, नोकरचाकर आघाडीवर गेले. कुणी रुग्णालयात जखमींची शुश्रूषा करू लागली. आता पायी चालायचं होतं, वाकायचं होतं, स्वतःचे कपडे स्वतः घालायचे होते. दासीनं मागून बावीस हुका लावून द्यायचे दिवस एका महिन्यात संपले. आणि गावात उघडं असलेलं, साधे सैल कपडे विकणारं दुकान शनेलचं होतं.

1915 मध्ये तिनं बिआरित्झला मोठं शिवणघर काढलं. पण कापड कुठून आणायचं? चांगली लोकर गणवेशांकडे वळली होती. रोदिए नावाचे एक नामांकित कापड उत्पादक होते. त्यांच्याकडे यंत्रावर विणलेल्या जर्सीचा साठा पडून होता. पुरुषांच्या आतल्या कपड्यांसाठी ती विणली होती, पण रंग मातकट आणि पोत सरभरीत, म्हणून कुणी घेईना. शनेलनं तो साठा घेतला आणि आणखी विणून मागितला. रोदिएंना शंका होती. हे कापड कोण नेसणार आणि विकलं गेलं नाही तर लोकर वाया जाईल त्याचं काय? तिनं आधी स्वतःसाठी कोट शिवला आणि तो घालून हिंडली.

इथे तिची खरी हुशारी दिसते, आणि ती फॅशनची नव्हे, शिवणकामाची आहे. त्या काळच्या झग्याला शेकडो चुण्या, कळ्या, कंबरेला चिमट्या. जर्सीवर यातलं काहीच टिकेना. चिमटी घातली की आजूबाजूचं कापड फुगे. घट्ट शिवण मारली की ओढताना दोरा तुटे. बारीक काप द्यावा तर टाका निसटून मोज्याला जाते तशी शिडी जाई. दुसऱ्या कुणी ते कापड फेकून दिलं असतं. तिनं फेकल्या त्या चिमट्या. कंबर जागेवर आवळण्याऐवजी सैल पट्टा खाली कुल्ह्यांवर आणला, उरलेला झगा खांद्यावरून सरळ सोडला, घेर घोट्याच्या वर उचलला. शिवणी जितक्या कमी तितकं हे कापड खुश, एवढं तिनं ओळखलं. सरळ, सैल, आखूड झगा हे पुढच्या दशकाचं रूप काही प्रमाणात एका हट्टी कापडानं ठरवलं आहे! कॉर्सेट एकट्या शनेलनं मोडीत काढला, असं लिहिण्याची पद्धत आहे, पण ते खरं नव्हे. पॉल प्वारे या शिंप्यानं तो आधीच सोडला होता. पण त्याच प्वारेनं पायांशी इतके अरुंद घागरे शिवले, की बाईला पाऊल टाकता येईना. शनेलच्या झग्यात पाऊल टाकता येत होतं.

1916 साली हार्पर्स बझार या अमेरिकी मासिकात तिच्या झग्याचं चित्र छापून आलं. तोवर तिच्या हाताखाली सुमारे तीनशे माणसं काम करत होती. गरिबाच्या कापडाचे हे झगे ती श्रीमंतांच्याच दरानं विकत होती, हेही सांगायला हवं. स्वस्ताई हा तिचा हेतू कधीच नव्हता. केपलचे पैसे तिनं फेडून टाकले. 1919 च्या डिसेंबरात तो मोटार अपघातात गेला. दरम्यान त्यानं लग्न दुसरीशीच केलं होतं.

तिचं पुढचं वैभव सर्वश्रुत आहे. 1921 मधलं पाच नंबरचं अत्तर, संगीतकार आणि चित्रकारांची मैत्री, इंग्लंडच्या ड्यूकबरोबरचे दिवस. त्यातली एकच गोष्ट आपल्या विषयाची आहे. 1924 च्या जूनमध्ये पॅरिसमध्ये दियाघिलेव्हच्या प्रसिद्ध रशियन नृत्यमंडळीनं समुद्रकिनाऱ्यावरचं एक नृत्यनाट्य केलं. संगीत मियोचं, पडदा पिकासोचा आणि कपडे शनेलचे. नर्तकांना तिनं चक्क विणलेल्या लोकरीचे पोहण्याचे पोशाख दिले, लोक खरोखर किनाऱ्यावर घालत तसे. त्यातले काही लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जपून ठेवले आहेत.

आणि दोनच वर्षांनी, 1926 मध्ये, तिचा जो आखूड काळा झगा गाजला, ज्याची तुलना अमेरिकेच्या व्होग मासिकानं फोर्डच्या मोटारीशी केली, तो मात्र जर्सीचा नव्हता. तो रेशमी क्रेपचा होता, मागावरच्या कापडाचा. ज्या कापडानं तिला उभं केलं त्याच्याच प्रेमात ती अडकून पडली नाही. सायंकाळच्या झग्याला जी झुळझुळ हवी ती तिला क्रेपमध्ये दिसली. कोटाला जो भरीवपणा हवा त्यासाठी ती स्कॉटलंडच्या ट्वीडकडे गेली. तिच्या कोटाच्या अस्तराखाली, खालच्या काठाला एक बारीक साखळी टाचलेली असे, कोट सरळ लोंबावा म्हणून. बाहेरून ती कुणाला दिसत नसे.

इथवर ही कथा वाचताना कौतुक वाटतं. पुढची वाचताना वाटत नाही आणि ती गाळली तर चरित्र अर्धवट राहील. 1936 साली फ्रान्सभर संप झाले, त्यात तिच्या शिवणघरातल्या बायकाही उतरल्या. एके काळी स्वतः विजारी दुरुस्त करून पोट भरणारी ही बाई त्यांच्यावर संतापली आणि आधी त्यांच्या मागण्या तिनं धुडकावल्या. 1939 मध्ये दुसरं महायुद्ध सुरू होताच तिनं शिवणकाम बंद केलं आणि कामगारांना घरी पाठवलं. पॅरिस जर्मनांच्या ताब्यात असताना ती रिट्झ हॉटेलात राहिली, एका जर्मन अधिकाऱ्याच्या सोबतीनं. तिच्या अत्तराच्या कंपनीतले भागीदार वेर्थायमर बंधू ज्यू होते. ज्यूंची मालमत्ता हिसकावणाऱ्या त्या काळच्या कायद्यांचा आधार घेऊन 1941 मध्ये तिनं कंपनी बळकवायचा प्रयत्न केला. भागीदारांनी आधीच सावध होऊन मालकी दुसऱ्याच्या नावे केली होती, म्हणून तो फसला. जर्मन हेरखात्याच्या कागदांतही तिचं नाव सापडलं आहे. 1944 मध्ये तिला चौकशीसाठी पकडलं आणि काही तासांत सोडलं. मग ती स्वित्झर्लंडला गेली. स्त्रीच्या अंगाला मोकळीक देणाऱ्या हातांनी हे केलं, याची संगती लावायचा प्रयत्न अनेकांनी केला आहे. मला ती लागत नाही.

5 फेब्रुवारी 1954 रोजी, सत्तराव्या वर्षी, तिनं पुन्हा पॅरिसमध्ये कपडे दाखवले. फ्रेंच पत्रकारांनी नाकं मुरडली. अमेरिकन बायकांनी मात्र ते उचलून धरले, कारण तोवर दुसऱ्यांनी कंबर पुन्हा आवळायला सुरुवात केली होती. ती कागदावर चित्र काढत नसे. गळ्यात फितीला कात्री अडकवलेली, समोर जिवंत मुलगी उभी आणि तिच्या अंगावरच कापड लावून, टाचून, उसवून ती कपडा बेतत असे. बाही विशेषतः. हात वर केल्यावर सबंध कोट वर उचलला गेला, की ती मुंढा उसवायला घेई. एकदा, दोनदा, दहादा. 10 जानेवारी 1971 रोजी ती रिट्झमध्ये गेली तेव्हा पुढच्या हंगामाचे कपडे तयार होत होते. दोनच आठवड्यांनी ते तिच्याविना दाखवले गेले. त्या दिवशी रविवार होता. काम बंद असतं म्हणून रविवार तिला आवडत नसे.

भोकरदनच्या त्या दुकानाशी या सगळ्याचा काय संबंध, असं कुणी विचारील. हे गाव पूर्वीचं भोगवर्धन. इथल्या दात्यांची नावं सांची-भारहूतच्या शिलालेखांत आहेत. पाँपेई शहरात 1938 साली सापडलेल्या भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्तीशी साम्य असलेल्या मूर्तीचा अवशेष इथल्या उत्खननात मिळाला. दोन हजार वर्षांपूर्वी शृंगाराच्या वस्तू या वाटेनं पश्चिमेकडे जात होत्या. तेव्हा वस्त्र बहुतेक नेसायचं असे. नेसणाऱ्याला कापडाचा ताण मोजावा लागत नाही. साडी रोज नव्यानं अंगाच्या मापाची होते. ही कटकट शिवलेल्या ड्रेसबरोबर घरात आली. आणि तिरुपूरच्या गिरण्यांनी विणलेला टी-शर्ट आणि लेगिंग आता प्रत्येक वाडीवस्तीवर पोचल्यामुळे, बनियनचं कापड म्हणून नाक मुरडणाऱ्या आईच्या स्वतःच्या अंगावरचा घरातला गाऊनही पुष्कळदा होजिअरीचाच असतो!

तेव्हा प्रश्न एवढाच उरतो, की त्या गठ्ठ्यातलं कोणतं घ्यावं. पातळ जर्सी अंगाला चिकटते, आतली प्रत्येक रेघ दाखवते आणि तिच्या कडा गुंडाळतात. ती घेराच्या, सैल ड्रेसला. दोन्ही बाजूंनी सारखं दिसणारं, जरा जाड इंटरलॉक शिकाऊ हाताला सगळ्यांत सोपं, कारण त्याची कड सरळ राहते. उभ्या रेघांचं रिब गळ्याला नि मनगटाला छान, सबंध ड्रेसला नको. लायक्रा मिसळलेलं असेल तर ताणून सोडल्यावर ते जागेवर येतं की नाही, ते दुकानातच पाहावं. वीतभर कापड आडवं ओढायचं आणि सोडायचं. ओढलेली जागा पोक आल्यासारखी फुगलेली राहिली, तर ढोपराशी आणि बसायच्या जागी तेच होणार. जास्त ताण जिकडे, ती बाजू अंगाभोवती यायला हवी, खाली-वर नव्हे. मशीनला गोल टोकाची सुई घालावी. ती धागा न फोडता दोन टाक्यांमधून जाते. टीप झिगझॅगची. आणि शिवून झाल्यावर ड्रेस एक रात्र तसाच टांगून ठेवावा, मग खालची कड दुमडावी. लोंबायचा तेवढा तो आधीच लोंबून घेतो.

आमच्या नात्यातल्या एका मुलीनं गेल्या दिवाळीत असाच हट्ट धरला. आईनं कुरकुर करत गर्द निळं इंटरलॉक घेऊन दिलं, तीन ठिकाणी ओढून पाहून. शिंप्याकडे जाण्याआधी ते रात्रभर बादलीत भिजवलं, कारण सुती होजिअरी पहिल्या पाण्यात आटते. सकाळी मोजलं तर लांबी चार बोटं कमी भरली. मग ते तारेवर न टांगता गच्चीवर चादरीवर पसरून वाळवलं आणि बेतायला दिलं. चिमट्या घालू नका, एवढं मात्र शिंप्याला तीनदा सांगावं लागलं.